सागवान योजनेत पैसे घातलेले (किंवा इतरांना घालायला लावलेले) कोणी आहे का? माहितीपटासाठी शोध

पानगळ

नमस्कार मंडळी,

एका मराठी वाहिनीसाठी माहितीपट तयार होतोय, त्याचं संशोधन माझ्याकडे आहे. विषय १९९०च्या दशकातल्या सागवान लागवड योजना. "आज एक युनिट घ्या, वीस वर्षांनी झाड तुमचं" अशा पानभर जाहिराती ज्यांना आठवतात त्यांच्यासाठी हा धागा.

अशा कंपन्या तेव्हा देशभर शेकड्यांनी निघाल्या. चेन्नईची अनुभव प्लँटेशन्स १९९८ मध्ये कोसळली तेव्हा इंग्रजी पेपरांत बरंच छापून आलं, पण आपल्याकडच्या बुडालेल्यांबद्दल फारसं कोणी बोललंच नाही. आमचा माहितीपट इथल्याच एका कंपनीवर आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रकरणाचं शेपूट अजून कोर्टात वळवळतंय. खुणा सांगते: कार्यालय पुण्यात, लागवड विदर्भात. प्रमाणपत्र जाड हिरवट कागदावर आणि उजव्या कोपऱ्यात तुमच्या झाडाचा नंबर. एजंट बहुतेक शाळामास्तर, विमा प्रतिनिधी नाहीतर निवृत्त बँकवाले. गुंतवणूकदारांना बसने 'साइट' दाखवायला नेत असत.

आदेश, ताळेबंद, कात्रणं आमच्याकडे गठ्ठ्याने आहेत. माणसं मिळत नाहीत. पैसे घातलेले हवेत, त्यांची मुलं-सुनाही चालतील. एजंट हवेत. लागवडीवर काम केलेले मजूर हवेत, जमीन विकलेले शेतकरी हवेत. चेहरा दाखवायची सक्ती नाही. मानधन नाही, प्रवासखर्च देऊ.

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फोन नंबर, पत्ता, प्रमाणपत्राचा फोटो धाग्यावर टाकू नका.

कुंपणावरचा

तुम्ही खऱ्या कशावरून?

खवचटपणा म्हणून विचारत नाही. बुडालेल्यांच्या याद्या बाजारात विकल्या जातात. एकदा फसलेला माणूस पैसे परत मिळण्याच्या आशेवर दुसऱ्यांदा सहज फसतो, हे त्या धंद्यातल्यांना पक्कं ठाऊक असतं. माझ्या काकांचे पैसे एका जमिनीच्या योजनेत अडकले होते. त्यांना फोन आला, "सेबीतून बोलतोय, तुमचा क्लेम मंजूर झालाय, फक्त प्रोसेसिंग फी भरा." भरली. मग जीएसटी भरा. तोही भरला. पर्ल्स नावाच्या जमिनीच्याच योजनेच्या परताव्याच्या वेळी तर सेबीला, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, वारंवार जाहीर करावं लागलं की आमच्याकडून एसएमएस आल्याशिवाय मूळ कागद कोणाला देऊ नका.

आता तुम्ही म्हणता वाहिनी. कुठली? तुमचा आयडीही कालचाच दिसतोय.

पानगळ

रास्त प्रश्न. आयडी नवा आहे, कारण याच कामासाठी काढलाय.

व्यनि करणाऱ्याला मी वाहिनीचं नाव आणि लेटरहेडवरचं पत्र पाठवते. पत्रावरच्या नंबरवर फोन करू नका, तो माझाच असू शकतो. वाहिनीच्या कार्यालयाचा नंबर तुम्ही स्वतः शोधा, तिथे फोन करून माझं नाव विचारा. आणि मूळ प्रमाणपत्र कोणीही मागितलं, मी मागितलं तरी, द्यायचं नाही. चित्रीकरणाच्या वेळी ते तुमच्याच हातात राहील. पैसे परत मिळवून देण्याबद्दल आमच्या टीममधलं कोणी एक शब्दही बोललं तर इथे जाहीर लिहा.

कुंपणावरचा

ठीक. वाहिनीला फोन करून बघतो आणि इथे लिहितो.

माजघर

हिरवट कागद वाचलं आणि उठून कपाट उघडलं.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. १९९५ ला त्यांनी दोन युनिटं घेतली, एक माझ्या नावावर आणि एक भावाच्या. शाळेतल्याच सरांनी दिली, त्यामुळे शंका घ्यायचा प्रश्नच नव्हता. स्टाफरूममधल्या जवळजवळ सगळ्यांनी घेतली होती.

बसने नेलं होतं ते मला चांगलं आठवतं, मी सोबत होते. रात्रभर प्रवास, सकाळी एका शेडमध्ये चहा-पोहे, मग सगळ्यांना रांगेने झाडं दाखवली. झाड कसलं, माझ्या गुडघ्याएवढं रोप. पानं मात्र सुपाएवढाली. रोपाशेजारी बांबूची काठी, तिला तारेने बांधलेली पत्र्याची पाटी आणि तिच्यावर ऑइलपेंटने नंबर, २१४७. पेंट ओला होता. माझ्या फ्रॉकला लागला म्हणून आई ओरडली होती. तिथल्या फोटोग्राफरने बाबांना रोपाजवळ उकिडवं बसवून फोटो काढला आणि निघताना कागदी फ्रेममध्ये घालून दिला. तो फोटो आमच्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं होता.

पहिली तीनेक वर्षं 'अंतरिम लाभ' म्हणून चेक आले. मग पत्रं यायला लागली, मग तीही बंद. बाबांनी फोटो कधी काढला ते आठवत नाही, एक दिवस भिंतीवर नुसता खिळा होता.

पानगळ, व्यनि केलाय. फोटोतला बाबांचा चेहरा झाकून इथे टाकते, चालेल ना?

पानगळ

नंबर आणि चेहरा दोन्ही झाका. बाकी चालेल.

रोकठोक

सॉरी, पण कोणीतरी बोललं पाहिजे. वीस वर्षांत लाख रुपये देणारं झाड असतं का कुठे? हाव सुटली, पैसे गेले. त्यावर माहितीपट कसला काढायचा?

आकडेमोड

रोकठोक, हिशेब करून बोलू या.

तेव्हा पीपीएफवर १२ टक्के मिळत होते आणि बँकेची मुदत ठेवही त्याच आसपास. युनिट ५,००० रुपयांचं धरलं तर १२ टक्के चक्रवाढीने त्याचे वीस वर्षांत ४८,००० होतात, तेही सरकारी हमीने. सागवाल्यांनी लाखाचं आमिष दाखवलं असं धरू. म्हणजे साधारण १६ टक्के. सरकारी योजनेपेक्षा चार टक्के जास्त मागितले याला हाव म्हणायचं असेल तर म्हणा.

आमिषाचा आकडा बेताचा होता म्हणूनच तर मास्तर लोकांचा विश्वास बसला. महिन्यात दुप्पट म्हणाले असते तर माजघरच्या बाबांनी दारातूनच परत पाठवलं असतं.

रोकठोक

आकडा मान्य. पण बारा टक्के हमीने मिळत असताना चारसाठी जोखीम घ्यायची नाही, एवढं मास्तरांना कळायला हवं होतं की नाही?

आलापल्ली

मी वनखात्यात नोकरी केली, आता निवृत्त. पैशातलं मला कळत नाही, सागातलं थोडं कळतं.

या योजनांची माहितीपत्रकं तेव्हा आमच्या ऑफिसात हातोहात फिरायची आणि आम्ही हसायचो. वनखात्याच्या लागवडीत साग तोडायचं वय साठीच्या आसपास असतं, चांगल्या जमिनीवर थोडं अलीकडे. वीस वर्षांच्या सागाला आतलं तपकिरी गाभ्याचं लाकूड कमी आणि कडेचं पांढरं जास्त. पांढऱ्याला वाळवी लागते, भाव मिळत नाही. पाणी-खत घालून झाड लवकर जाड करता येतं, पण गाभा त्या वेगाने धरत नाही.

ही झाली किरकोळ गोष्ट. मोठी गोष्ट विरळणीची. साग दोन बाय दोन मीटरवर लावला की एकरी हजार रोपं बसतात. ती सगळी वाढवायची नसतात. टप्प्याटप्प्याने काढत जायचं, म्हणजे उरलेल्यांना ऊन-जागा मिळते. शेवटच्या तोडीला एकरी शंभराच्या आतबाहेर झाडं उरतात. आता सांगा, कंपनीने हजार रोपं हजार माणसांना विकली असतील तर विरळणीत कोणाचं झाड काढणार? विरळणी केली तर नऊशे लोकांची फसवणूक, नाही केली तर हजारही झाडं काठ्यांसारखी राहणार. कंपनी प्रामाणिक असती तरी हा हिशेब जमला नसता.

आणखी एक. साग हे १९६४ च्या झाडतोड कायद्यात अनुसूचित झाड आहे. स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही परवानगी लागते आणि न्यायचा तर वाहतूक पास. "वीस वर्षांनी झाड तुमचं" म्हणणाऱ्याने पुण्यातल्या फ्लॅटमधला माणूस तो पास कसा काढणार, हे कधी सांगितल्याचं ऐकलं नाही.

सातबारा

आलापल्ली काकांना दंडवत. मी त्याला जमिनीची बाजू जोडतो.

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, विदर्भाच्या कुळकायद्यात ते कलम ८९. म्हणजे 'युनिटमध्ये अमुक चौरस फूट जमीनही तुमची' हे वाक्य ज्या पत्रकात होतं, ते छापतानाच पोकळ होतं. सातबाऱ्यावर गुंतवणूकदाराचं नाव लागूच शकत नव्हतं. कंपनीलाही कमाल जमीनधारणेची मर्यादा होती, कोरडवाहू असेल तर ५४ एकर. म्हणून जमिनी संचालकांच्या, त्यांच्या मेहुण्यांच्या, ड्रायव्हरच्या नावावर. पुढे जप्तीची वेळ आली की सरकारला पहिला प्रश्न पडतो की यातली कंपनीची नेमकी कुठली.

पानगळ, तुमच्याकडे गट नंबर असतील तर जुने फेरफार काढा. कोणी कोणाला कधी विकलं ते सगळं त्यात सापडेल. ताळेबंदापेक्षा जास्त कळेल.

पानगळ

गट नंबर आहेत, फेरफार मागवलेत. ड्रायव्हरचं नाव खरंच निघालं आहे.

शेवगा

एक मिनिट. माजघर, तुमचा फोटो मोठा करून पाहिला. मागे उजवीकडे विहिरीचा कठडा आहे आणि त्यावर वाकलेलं एक झाड, बहुधा मोह. बरोबर?

आमच्याकडेही असाच फोटो आहे. माझे सासरे बसलेत. तीच विहीर, तोच वाकडा मोह, आणि रोपाच्या डावीकडे तोच दुतोंडी दगड. पाटीवर नंबर वेगळा, ३ ने सुरू होणारा. मागची तारीख तुमच्या फोटोनंतर चार महिन्यांची. चेहरा झाकून टाकतेय, सगळे बघा.

माजघर

पाहिला. रोपाला खालून दोन फांद्या फुटल्यात, आमच्यातही आहेत. तेच रोप आहे हो हे.

कुंपणावरचा

वाहिनीला फोन केला होता. बाई खऱ्या आहेत.

आणि ते रोपही खरंच एक आहे. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले.

पानगळ

मी घाई करणार नाही. फोटोग्राफरची नेहमीची जागा असू शकते, म्हणजे फोटोपुरती पाटी रोवली असेल आणि तुमचं रोप दुसरीकडे असेल. कॅमेऱ्यासमोर हे सांगायचं तर तिथे काम केलेला माणूस हवा. दोन्ही मूळ फोटो मला पाहायला मिळतील का? घरी येऊन पाहीन.

धुरा

इतके दिवस नुसतं वाचत होतो. लिहू का नको म्हणून थांबलो होतो.

तो मोह आमच्या गावाजवळचा हाये. विहीरबी. माह्या बाबानं तिथं रोजानं काम केलं, पाणी टाकाचं आन् निंदाचं. मी लहान होतो, डबा घेऊन जाओ.

फोटोपुरती पाटी नोती ती. गाडी येणार असली का आदल्या दिवशी बाबाले यादी भेटे. रस्त्याकडच्या चार-पाच तासांतल्या, म्हंजे ओळींतल्या, पाट्या काढाच्या, यादीतल्या नंबरच्या नव्या बांधाच्या. रंग वाळाले वेळ नसे म्हणून सकाळी ओलाच राहे. पाव्हणे गेले का त्या पाट्या शेडमधी. मांगच्या वावरात साग लावलाच नोता, तिथं कापूस होता. पाव्हण्याईले कोणी तिकडे नेतच नसे. उन्हात कोण चालते इतकं.

बाबाले वाटे कंपनीची काही पद्धत असन. त्याले रोज भेटत होता. शेवटचे सहा महिन्याचे पैसे त्याचेबी बुडाले, ते कोण्या यादीत नाई.

शेवगा

सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्या माणसाचा रोज बुडाला हे आपल्याला कळलंच नव्हतं.

पानगळ

धुरा दादा, व्यनि केलाय. बाबा बोलायला तयार असतील तर आम्ही तिकडे येऊ, त्यांना कुठेही यायला लावणार नाही. जागा आज कशी आहे?

धुरा

बाबा बोलन. त्याले लपवाचं काही नाई म्हणते.

जागा दोनदा विकल्या गेली. पुढच्या तासांतले साग उभे हायेत, मांडीएवढे. कोर्टाचा बोर्ड लावला होता, तो वाऱ्यानं पडला. झाडं कोणी तोडत नाई, भानगड नको म्हणून.

सातबारा

बोर्ड होता म्हणजे एमपीआयडीखाली जप्ती झाली असणार. ज्यांना हा कायदा माहीत नाही त्यांच्यासाठी: १९९९ साली महाराष्ट्राने ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा केला. शासन मालमत्ता जप्त करतं, सक्षम प्राधिकारी नेमतं, विशेष न्यायालयाच्या हुकमाने लिलाव होऊन पैसे वाटायचे असतात. 'असतात' म्हणालो हे लक्षात घ्या. जमीन ड्रायव्हरच्या नावावर आणि मधे दोनदा विकलेली, तर आधी ते खरेदीदार कोर्टात येतात.

आणि चेक बंद कधी झाले ते बघा. नोव्हेंबर १९९७ मध्ये केंद्राने या योजना सेबीकडे सोपवल्या, ऑक्टोबर १९९९ मध्ये सेबीचे नियम आले. नोंदणी आणि पतमानांकन नसेल तर नवीन पैसे घ्यायला बंदी. जुन्यांचे चेक नव्यांच्या पैशातून जात असतील तर नळ बंद झाल्यावर काय होणार? माजघरचा 'तीनेक वर्षं' हा हिशेब त्यात चपखल बसतो.

नाव_नको

हा आयडी फक्त एवढ्यासाठी काढला आहे.

मी एजंट होतो. याच कंपनीचा. शाळेत नव्हतो, दुसऱ्या सरकारी नोकरीत होतो. पहिलं युनिट स्वतः घेतलं, त्याचे चेक आले, मग लोकांना दाखवायला चेकची झेरॉक्स खिशात ठेवायला लागलो. कमिशन चांगलं होतं. खोटं कशाला बोलू, त्यातून स्कूटर घेतली.

बहिणीच्या घरी चार युनिटं दिली. मेव्हण्यांनी एका शब्दाने विचारलं नाही, दादा सांगतोय म्हणजे झालं. साडू, ऑफिसातले, बायकोच्या माहेरचे, सोसायटीतले. चेक थांबले तेव्हा कंपनीच्या दारात कोणी गेलं नाही, सगळे माझ्या दारात आले. बहिणीचे पैसे माझ्या फंडातून दिले. बाकीच्यांचे देणं शक्य नव्हतं. बायकोच्या माहेरी आजही मी जात नाही. पोलिसांनी दोनदा जबाब घेतला, एकदा साक्षीदार म्हणून आणि एकदा वेगळ्या सुरात.

तुमच्या माहितीपटात मला कोणाच्या रांगेत बसवणार, एवढंच विचारायचं आहे. पैसे माझेही बुडाले. पण मी फक्त बुडालेला नाही, हे मला कळतं.

रोकठोक

घ्या! स्कूटर घेतली आणि आता रांग विचारताहेत.

माजघर

रोकठोक, आमच्या बाबांना युनिटं देणारे सर वारले. शेवटपर्यंत त्यांनी बाबांशी नजर मिळवली नाही, आणि बाबांनीही कधी विषय काढला नाही. निदान हे लिहिताहेत. लिहू द्या.

पानगळ

नाव_नको, तुम्हाला उत्तर व्यनिमध्ये दिलं असतं, पण इतर एजंटही वाचत असतील म्हणून इथे देते.

एजंटांना खलनायक करायचं नाही असं दिग्दर्शकाचं आणि माझं ठरलं आहे. त्यांना निर्दोष ठरवायचं नाही, हेही ठरलं आहे. कमिशन किती होतं ते मी विचारणार आणि स्कूटरचंही विचारणार. पैसे बुडालेल्या कोणासमोर तुम्हाला अचानक आणून बसवणार नाही, तसले प्रकार आम्ही करत नाही. संकलित भाग आधी दाखवीन असं वचन देता येत नाही, तो अधिकार माझा नाही. मुलाखतीनंतर ठरावीक मुदतीत तुम्ही माघार घेऊ शकता, हे संमतिपत्रात लिहिलेलं असेल. ते घरी न्या, सावकाश वाचा.

सातबारा

आणि सहीच्या आधी वकिलाला दाखवा. दोनदा जबाब झालाय म्हणता, तर प्रकरण निकाली निघालं का, तुमचं नाव कुठे आहे, हे आधी तपासा. कॅमेऱ्यासमोर बोललेलं कोर्टात पुढे येऊ शकतं. चेहरा झाकला म्हणजे माणूस ओळखू येत नाही असंही नाही. आवाज, हात, घरातला पडदा, नातेवाईक कशावरूनही ओळखतात.

नाव_नको

वकिलाशी बोलतो. चेहरा झाकायचा नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतातच.

व्यवस्थापक

सूचना: दोन प्रतिसादांत संचालकांची नावं आणि एका सदस्याने दुसऱ्याचा फोन नंबर लिहिला होता. दोन्ही काढले आहेत. "बुडालेले पैसे मिळवून देतो" म्हणणाऱ्या एका नव्या आयडीने तिघांना व्यनि केले होते, तो आयडी बंद केला आहे. तसा व्यनि कोणाला आला असेल तर उत्तर न देता आम्हाला कळवा.

कुंपणावरचा

म्हटलं नव्हतं? धागा निघून आठवडा नाही झाला.

पानगळ

सर्वांचे आभार. जे जमलं ते सांगते. धुरा यांच्या बाबांकडे पुढच्या महिन्यात जातोय, कापणीची गडबड संपली की. शेवगा आणि माजघर दोघींकडचे मूळ फोटो पाहिले. रोप एकच आहे. आलापल्ली काका त्या उभ्या सागांजवळ येऊन घेर मोजायला तयार झालेत. त्या दृश्यासाठी मी दिग्दर्शकाशी भांडलेय.

अजून काय हवंय: बसचा ड्रायव्हर किंवा क्लीनर. माहितीपत्रकं छापणारा प्रेस. 'साइट'वरचा फोटोग्राफर, तो बहुतेक जवळच्या तालुक्यातला असावा. आणि कंपनी एजंटांच्या मेळाव्यात एक व्हिडिओ दाखवायची असं दोघांकडून ऐकलंय, त्याची कॅसेट.

नाव_नको

कॅसेट माझ्याकडे आहे. व्हीएचएस. लोकांच्या घरी नेऊन दाखवायचो, म्हणून एक प्रत मला दिली होती. प्लेअर केव्हाच भंगारात गेला. आत पांढरी बुरशी दिसतेय. कुरिअर करू का?

पानगळ

कुरिअर नको, आणि प्लेअर मिळाला तरी लावू नका, बुरशी असताना चालवली तर फीत कायमची जाईल. कोरड्या जागी उभी ठेवा. आमचा माणूस लेखी पावती देऊन घेऊन जाईल, साफ करून कॉपी काढली की मूळ तुम्हाला परत.